पहिला नग देवापुढे

मनामा, ९ जून १९७७

तीर्थरूप आबांच्या पायाशी शिवदासचा नमस्कार.

मी खुशाल आहे. इथे आखातात उकाडा फार, पण शिलाईच्या दुकानात एसी आहे. तुमच्या डोळ्यांची पट्टी सुटली का? आईला सांगा, मी वेळेवर जेवतो. सत्यवती, पत्र तूच वाचत असशील, पुढचं आबांना जरा हळू वाचून दाखव.

आबा, हे लिहावं की नाही, कळत नाही. इंग्लंडच्या राणीला गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली, म्हणून इथल्या गोऱ्या लोकांनी क्लबात सोहळा केला. त्यांचे शंभर झेंडे आमच्याकडे शिवायला आले. शेठ यल्ला, यल्ला, लवकर आटपा, म्हणत मागे लागलेला. मशीनवर बसवताना तुम्ही शिकवलंत, पहिला नग देवापुढे. त्या सवयीने पहिला झेंडा मी गणपतीपुढे ठेवला, कुंकू लावलं, हात जोडले. डोळे उघडले तर समोर तोच झेंडा, जो कचेरीवरून उतरवल्याबद्दल तुम्ही बेचाळीस साली आठ महिने तुरुंगात काढलेत.

त्याच्या जागी दुसरा शिवून शंभर पुरे केले. झेंडे न्यायला आलेली क्लबातली मडम म्हणाली, शिलाई सुरेख आहे. मला बरं वाटलं, आणि बरं का वाटलं तेही कळेना.

कुंकू लावलेला झेंडा माझ्या ट्रंकेत आहे. देवापुढचं कापड फेकवत नाही, आणि तुमच्या घरी आणवत नाही. असं काही अडलं की मी आजवर तुम्हालाच विचारत आलोय.

तुमचा,
शिवदास