वरातीत थांबलेली क्लॅरिनेट

अण्णा, तुम्ही गेल्यावरही तुमचा बँड चालू आहे; आता मी चालवते. तुमच्या वेळी अकरा माणसं होती, आता नऊ आहेत. लग्नसराई आणि द्राक्षाचा हंगाम एकदमच येतो, त्यामुळे त्यातलं कोण कधी पिंपळगावला कामावर निघून जाईल याचा नेम नसतो. वाजवणं सोपं आहे हो; या नऊ जणांना एका टेम्पोत बसवणं अवघड.

गेल्या महिन्यात कळवणच्या वरातीत आपले क्लॅरिनेटवाले काका, तुमच्याबरोबर तीस वर्षं वाजवलेले, भर गाण्यात थांबले. नवी कवळी हलत होती, फुंक धरवत नव्हती. नवरदेवाचे मित्र हसले आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "काका, झेपत नसेल तर घरी बसा!" त्यांनी क्लॅरिनेट पुसली, पेटीत ठेवली आणि टेम्पोत जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत. ढोलवाला म्हणाला, "ते नाय तर मी पण नाय, ताई." त्याच्यामागं ट्रम्पेटवालाही गेला.

मला तुमचं स्वयंपाकघरातलं बोलणं आठवलं. मी चौथीत असेन. तालमीत झांजवाला चुकला आणि मी खिदळले. तुम्ही मला आत नेलंत, रागावला नाहीत, चहा ठेवलात. "हसलीस ना? आता पहिला कप त्याला तू नेऊन दे. आणि पिऊन होईस्तोवर जवळ बस." मी बसते. तो बशीत ओतून हळूहळू पितो, माझ्याकडे बघत नाही, आणि मला रडू येतं.

काकांना शोधत गेले, तर पिंपळगावच्या द्राक्षं भरायच्या पॅकहाऊसमध्ये ते बायकांच्या रांगेत बसून कात्रीनं घडातले खराब मणी काढत होते. "हितं बरं हाय," म्हणाले. "कोणी वरडत नाय." मी माफी मागितली, तर म्हणतात, "वरडलीस सगळ्यांम्होरं, अन् माफी एकटीच येऊन व्हय?" म्हणून सोमवारी ढोलवाला-ट्रम्पेटवाल्यासकट सगळ्यांना टेम्पोत घालून नेलं आणि फाटकातच त्यांच्या पाया पडले. काका कितीतरी वेळ कात्री पुसत राहिले. मग म्हणाले, "क्लॅरिनेट आता व्हायची नाय, पोरी. म्होरं चालतो, हातानं इशारे देतो. चालंल?"

परवा नाशिक रोडच्या लग्नात ते पुढं चालले. क्लॅरिनेटची जागा रिकामी आहे ते कळतंच, पण काकांचा हात खाली आला की सगळे एकदम थांबतात.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. कळवणला मी ओरडले ते काकांवर चिडून नव्हे. त्या हसणाऱ्या पोरांसमोर मला आपल्या बँडची लाज वाटली. ती लाज जुनी आहे. शाळेत मी मैत्रिणींना सांगायचे, माझे वडील नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला आहेत. एकदा तुम्ही बँडच्या लाल कोटात शाळेच्या फाटकाशी मला न्यायला उभे होतात आणि मी मागच्या दारानं निघून आले. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "दिसली नाहीस गं?" मी म्हणाले, "शाळा लवकर सुटली." तुम्ही "बरं" म्हणालात आणि कोट खुंटीला अडकवलात.

शाळा लवकर सुटली नव्हती, अण्णा.