हेरी म्हणजे काल

३ नोव्हेंबर २००३
अंबडची कंपनी बंद झाल्यापासून शिफ्ट नाही, त्यामुळे सकाळ फार लांबते. साधना भाऊबीजेला माहेरी, कळवणला गेली. जाताना म्हणाली, हाती घेतलेलं एक तरी काम पुरं करा, मग मला न्यायला या. तिच्या मनात मोरीतला गळका नळ असावा. पण नळ कोणीही दुरुस्त करतं. मी रविवार कारंज्यावरून लॅटिनचं जुनं पुस्तक आणलं. लॅटिन येणारा माणूस नाशिकच्या अख्ख्या सिडकोत नसेल.

४ नोव्हेंबर
धडा पहिला. हेरी म्हणजे काल. सोपं आहे. या वेगाने डिसेंबरात कळवण.

७ नोव्हेंबर
अजून पहिलाच धडा. आळस नाही, पाया पक्का करतोय. 'हेरी वेस्पेरी' म्हणजे काल संध्याकाळी. स्वाध्याय: 'हेरी' वापरून स्वतःबद्दल एक खरं वाक्य लिहा. बराच विचार केला. काल काही झालं नव्हतं. परवाही नाही.

१२ नोव्हेंबर
शेजारच्या वत्सलाबाईंकडे मेव्हण्याचा फोन. समाधान म्हणाला, दाजी, कधी येता? नवरा न्यायला आल्याबिगर आमच्यात लेक धाडत नाय. ताई रोज सांजच्या यष्टीला ओट्यावर येऊन बसते, लोक इचारतात. मी म्हणालो, अभ्यास चालू आहे. त्याने फोन ठेवला. वाईट वाटायला हवं होतं. चहा केला.

२० नोव्हेंबर
जायचं ठरवलं. पेढे घेतले. स्टँडवर कळवणची गाडी लागलेली. पण काय पुरं केलं विचारलं, तर? साधं एक वाक्य झालेलं नाही. परत आलो. पेढे खाल्ले. बरे होते.

२७ नोव्हेंबर, रात्री
दिवसभर वाचनालयात मोठा शब्दकोश. 'हेरी'चं 'हेरे' असंही एक रूप सापडलं. झपाट्याने प्रगती. घरी आलो तर खिडकीपाशी जरा मोकळं वाटलं. घरही शांत. अभ्यासाला उत्तम.

२८ नोव्हेंबर
वत्सलाबाईंनी साधनाजवळची घराची किल्ली आणून दिली. म्हणाल्या, काल दुपारी साधना आली होती, भावाला अन् टेम्पोला घेऊन. खिडकीपाशी असायचं ते शिलाई मशीन नेलं. तुमची वाट बघत चार वाजेपर्यंत पायरीवर बसली होती. तेवढ्यात प्लंबर बोलावून नळही करून घेतला. निरोप काही नाही.

स्वाध्याय जमला. हेरी साधना वेनित. काल साधना आली. पुस्तकाशी ताडून पाहिलं, बरोबर आहे. पहिला धडा पुरा.

मोरीत जाऊन नळ बघितला. एक थेंब गळत नाही. काल रात्रीही गळत नसणार, मला कळलंच नाही. तिथेच उकिडवा बसून राहिलो. फार वाईट वाटलं.