कापलेलं आतच राहतं

३ नोव्हेंबर, सोमवार

दादाच्या ऋचाच्या साखरपुड्याचा स्लाइड शो माझ्या गळ्यात पडला. पडणारच होता. शाळेत दिवसभर पोरांना कॉम्प्युटर शिकवते, तर घरचं फुकट करायला काय जातंय, हे वहिनीचं गणित. "नुसते फोटो नकोत नीला, मधेमधे व्हिडिओ टाक. शुक्लांच्या मुलीच्या वेळी टाकले होते."

शुक्लांच्या मुलीच्या वेळी एकही व्हिडिओ चालला नव्हता. पडद्यावर काळा चौकोन, आणि पाहुणे त्याच्याकडे बघत जिलेबी खात होते. व्हिडिओ शुक्लांच्या भाच्याच्या लॅपटॉपवर राहिले, पेन ड्राइव्हमधून आली नुसती फाईल. हे वहिनीला सांगितलं. म्हणाली, "म्हणून तर तुला सांगतेय." या घरात माझं कौतुक झालं तर ते असं होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

जुने अल्बम काढून फोटो स्कॅन केले. प्रत्येकात मी. वहिनी सरकारी ऑफिसात, दादा कारखान्यात शिफ्टला, मग पोरीजवळ दुसरं कोण असणार? शाळेचा पहिला दिवस, मी. कांजिण्या, मी. गॅदरिंगला ऋ. मोर झाली तेव्हा मागून पिसारा सावरणारी, मीच.

व. ने पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "सगळीकडे तूच तू. लोक विचारतील, आई कुठे होती?"

ऑफिसात, म्हटलं. मनात.

तर आता मला या फोटोंतून मला कापायचं आहे. पगार नाही, काम असं.

८ नोव्हेंबर, शनिवार

ऋ. शेजारी येऊन बसली. मी मला कापत होते, ती बघत होती. जरा ओशाळली होती, पण 'राहू दे आत्या' म्हणाली नाही. बोलत होती बंगळूरचं. निनाद, होणारा नवरा, तिथे आहे, म्हणून हिनं तिथे दोन ठिकाणी अर्ज केलेत, एका ठिकाणची मुलाखत ऑनलाइन झालीही. सत्तावीस वर्षांत भोपाळ सोडून कुठे राहिली नाही पोरगी. डोळे चमकत होते.

शाळेच्या पहिल्या दिवसाच्या फोटोतून मी सगळी गेले, हात तेवढा राहिला. ऋ. च्या बोटाला धरलेला. व. हात पुसत आली. "हा हात कुणाचा? तोही काढ." तो काढला तर पोरीचं बोट जातं. राहिला मग.

ऋ. ला सांगितलं, क्रॉप केलेलं जात नाही गं, नुसतं झाकलं जातं. कड धरून ओढली की मी परत हजर. तिला खरं वाटेना. स्वतः ओढून पाहिलं. मी बाहेर. पंचविशीतली, दोन वेण्या, सगळे दात दाखवत हसणारी.

"आई शप्पथ, आत्या, तू किती बारीक होतीस!"

मग तिनंच कड परत आत सारली. तिच्याच हातानं. मी चहा टाकायला उठले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

निनादला पुन्हा मेसेज. तो नागपूरला घरी आलाय, त्याच्या आईचा आशीर्वादाचा व्हिडिओ तेवढा पाठवत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवलात तर पडद्यावर चित्र फाटतं, असं बजावलं. "हो आत्या, पक्का आज."

व. चा आशीर्वाद आज मीच काढला. पुन्हा पुन्हा काढला. दर वेळी 'माझी लाडकी लेक' आलं की ओढणी डोळ्याला. एकदा ओढणी आधी गेली आणि लेक नंतर आली, तर म्हणे परत घे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आला व्हिडिओ. शाळेतून येऊन बघितला.

विहीणबाई सोफ्यावर, काठपदराची साडी, केसात गजरा. "ऋचा आमची सून नाही, मुलगीच आहे." हात जोडून नमस्कार. इथे संपायला हवा होता. निनादनं फोन तसाच टेबलावर ठेवलाय. चित्रात छताचा पंखा. आवाज मात्र स्वच्छ.

"झालं? नाटक करून तोंड दुखलं माझं."

तो हसतोय.

"मुलगी गरीब आहे, वाकेल. दात तेवढे पुढे."

"तुला सून हवी होती आई, मला नाही. ती इथे तुझ्याजवळ राहील, मी बंगळूरला. ठरलंय ना आपलं?"

"तिला सांगितलंस?"

"लग्न झाल्यावर सांगू. आत्ता सांगितलं तर रडारड करेल."

"आणि ती बिनलग्नाची आत्या आंदणात यायला नको."

दोघंही हसले. मग बाईंनी विचारलं, पोहे खातोस का. तो हो म्हणाला, फोन उचलला, बंद.

घाईत पाठवला असणार, पुढचं न बघता. मीच मागे लागले होते.

खरं लिहायचं तर आधी मला माझंच लागलं. ऋ. चं नंतर.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

व. ला ऐकवला. हात दाखवून अवलक्षण.

मटार सोलत बसली होती. सगळा ऐकला, सोलणं थांबलं नाही. संपल्यावर म्हणाली, "मग? मी या घरात आले तेव्हा तुझ्या आईनं मला काय कमी ऐकवलं?"

"वहिनी, तिला नागपूरला ठेवणार आहेत. ती इकडे नोकरी सोडतेय."

"राहील नागपूरला. मी नाही राहिले परक्या गावात? मुलं झाली की सगळं जागेवर येतं." शेंग मोडली. "हॉल झालाय. पत्रिका गेल्यात. मराठी मंडळातली सगळी यायची आहेत. ते शेवटचं कापून टाक. दादाला सांगू नकोस, त्याचं बीपी आहे. ऋचाला तर नाहीच."

"मी नाही कापणार."

तेव्हा तिनं वर बघितलं. शांतपणे. "तुझं जमलं नाही नीला, म्हणून दुसऱ्याचं मोडायला बसू नकोस."

दादा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. ऐकू गेलं असेल. पान उलटलं त्यानं.

मला इतका राग आला की रडूच आलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कापला.

ट्रिम करताना पट्टीच्या दोन टोकांना दोन खुणा असतात, हिरवी आणि लाल. लाल मागे ओढत नमस्कारावर आणली. बाई हात जोडतात, संपलं. पंखा नाही, पोहे नाहीत. व. ला दाखवला. "वा. कळत पण नाही!" पाठीवर हात ठेवला. किती वर्षांनी.

फाईल फार जड झाली. ती हलकी करायची सोय असते. केली की व्हिडिओचा कापलेला तुकडा कायमचा जातो. फोटोंची सोय वेगळी. शाळेत पोरांना घोकून घेते, फाईल बाहेर देण्याआधी हे करा, नाहीतर कापलेलं सगळं आतच राहतं आणि कुणीही लाल खूण पुढे ओढून बघू शकतं.

मी केलं नाही. पेन ड्राइव्हमध्ये मावत होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

साखरपुडा झाला. करोंदकडचा हॉल, मंडीच्या ट्रकांतून वाट काढत पाहुणे आले आणि धुळीबद्दल बोलत बसले. प्रोजेक्टरवाला घाबरलेला. "मैडम, वीडियो चल तो जाएगा ना? पिछली पार्टी में अटक गया था, बहुत सुनाया सबने."

"चलेगा, भैया."

चालला. विहीणबाई पहिल्या रांगेत, पडद्यावर स्वतःलाच बघून डोळे टिपत होत्या. निनाद ऋ. च्या कानात काहीतरी बोलत होता, ती लाजत होती. मी मागे लॅपटॉपवर. शो थांबवायचा, लाल खूण ओढायची, अख्ख्या हॉलला पंखा दाखवायचा. माझ्या हातात होतं. तेवढा वेळ मला फार सुख झालं. असलं सुख चांगलं नसतं. मला चाललं.

मग शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो आला. माझ्या पुढच्याच रांगेत व. च्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "हा हात कुणाचा हो?"

व. म्हणाली, "बाई होती तेव्हा कामाला."

ऋ. मागेच उभी होती. तिनं ऐकलं. माझ्याकडे बघितलं आणि मग पडद्याकडे बघायला लागली.

निघताना निनाद पाया पडला. "आत्या, काय मस्त केलंत!"

"तुमची क्लिप सगळ्यांत छान होती," म्हटलं. "आणखी असतील तर पाठवा." आनंदला. बैलोबा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ऋ. नं राजीनामा दिला. पेढे घेऊन आली. माझ्या पलंगावर मांडी घालून बंगळूरच्या घराचे फोटो दाखवत होती. "दोन खोल्या आहेत. तू यायचंस हं आत्या, महिना महिना राहायचं." हॉलला पडदे कुठल्या रंगाचे घेऊ, विचारलं.

जिभेवर आलं होतं. तेवढ्यात 'बाई होती कामाला' आठवलं, आणि हिचं पडद्याकडे वळलेलं तोंड.

निळे घे, म्हटलं. उजेड छान पडतो.

पेढा खाल्ला. एवढी वाईट मी कधी झाले, कळलं नाही. की होतेच.

२३ नोव्हेंबर, रविवार

मंडळाच्या ग्रुपवर टाकायला व. ला शोचा साधा व्हिडिओ करून दिला. त्यात कापलेलं येत नाही, जे दिसतं तेवढंच. अंगठे आणि फुलं ढिगानं आली. कुणीतरी लिहिलंय, आई असावी तर अशी. व. नं मला वाचून दाखवलं, चष्मा लावून.

लग्न डिसेंबरात. दादा एकदम म्हणाला, "नीलू, मुलगा बरा आहे ना गं?" व. भाजीला फोडणी देत होती, हात थांबला. मी म्हटलं, वहिनीला विचार. त्यानं विचारलं नाही. त्यालाही उत्तर नकोच आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ऋ. व. बरोबर साड्यांच्या खरेदीला इंदूरला गेलीय. तिथून मेसेज.

'आत्या, मला शोची मूळ फाईल पाठव ना. व्हिडिओ नको, फाईलच. कापलेल्या फोटोंतली तू हवीयेस मला. त्या दिवशी हॉलमध्ये मी बोलायला हवं होतं की हात तुझा आहे. बोलले नाही. झोप लागत नाही नीट.'

वाचलं आणि रडले. मग चिडले, हेच त्या दिवशी म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं. मग परत रडले.

फाईल उघडून बसलेय. फक्त व्हिडिओ हलके केले तर पंखा जाईल, फोटोंतली मी राहीन. तिला हवं ते मिळेल, नको ते मिळणार नाही. नाहीतर ती परत आली की सरळ समोर बसवून सांगायचं. सरळ माणसानं हेच केलं असतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पाठवली. जशी होती तशी, जड.

व. ला मी शब्द दिला नव्हता, पण मोडलाही नाही. कुणाला काही सांगितलं नाही. ऋ. चं तिला सापडलं तर सापडलं. भित्रेपणा आहे हा. समोर बसून तिचं तोंड उतरताना बघायची छाती नाही माझ्यात, आणि पोरीला अंधारात ढकलायचीही नाही. यात माया किती आणि सूड किती, ते मला विचारू नये.

३० नोव्हेंबर, रविवार

दोघी सकाळी परत आल्या. ऋ. जेवून लॅपटॉप घेऊन तिच्या खोलीत गेली. भिंतीपलीकडून हसू ऐकू येत होतं. मग मोराचा फोटो माझ्या फोनवर आला, पिसाऱ्यामागे मी, केस विस्कटलेली. मग कांजिण्या. मग शाळेचा पहिला दिवस, हाताला धरून सगळी मी.

'तुला सगळ्यांतून बाहेर काढलं आत्या. एकही कापलेला ठेवला नाही.'

मी फोन पालथा ठेवला.

व. बाहेर विहीणबाईंशी फोनवर. मानाच्या साड्यांचे रंग सांगतेय, मधेच हसतेय, "अहो, तुमचीच मुलगी आता."

पुन्हा मेसेज. 'आत्या, व्हिडिओची पण कड अशीच ओढता येते का गं?'

'हो' लिहिलंय. पाठवलेलं नाही. उठून तिच्याकडेही गेलेले नाही, ही वही घेऊन बसलेय.

पलीकडून विहीणबाईंचा आशीर्वाद ऐकू येतोय. सून नाही, मुलगीच आहे. नमस्कारापाशी थांबतो. जरा शांत. परत पहिल्यापासून लागतो.