कमानी पाठीची खुर्ची

३ जून
पोचलो एकदाचा! बाबांनी पुन्हा कॉलेजचा विषय काढला, ताट सरकवून उठलो, तो थेट इथे. मिस्त्रीकाकांचा कारखाना झक्कास आहे. पायाखाली भुसा आणि समोर खुर्च्या म्हणाव्यात की इमारती! दगडी खांबांसारखे पाय, जुन्या वेशीच्या कमानीसारखी पाठ. काका म्हणाले, इथे एक खुर्ची एकानेच पुरी करायची, शेवटचा हात उघड्या तळव्याने फिरवायचा. अर्धवट सोडायची खोड असेल तर आत्ताच सूट. डोकं तडकलं. म्हणून राहिलो.

८ जून
मागे सोडून आलो त्या मैत्रिणीला पत्र टाकलंय, तिचं उत्तर नाही. दिवसभर काचपेपर घासतो आणि मनातल्या मनात तिच्याशी भांडतो. काका म्हणतात, भांड, लाकूड मुरतं त्याने. खरंच, संध्याकाळी छातीतली कळ उतरते. हातही बधिर. काकूंनी चहाचा पेला ओढून घेतला तेव्हा दिसलं, बोटं भाजली होती.

१५ जून
खुर्ची झाली. बघायला आलेल्या बाईंनी खुर्चीच्या हातावर हात फिरवला. म्हणाल्या, अगं बाई, ही तर उबदार लागते! मी पार दाराशी उभा होतो. माझ्या मनगटावरून त्यांची अंगठी गारगार सरकली.

१९ जून
ती आली. आपणहून! म्हणाली, वेड्या, कॉलेज सोडलंस ते सोडलंस, मला कशाला? माझा हात धरला. काहीच जाणवलं नाही. धरलेला नुसता दिसला. मग ती खुर्चीत टेकली, आणि तिची पाठ माझ्या छातीवर. मी खुर्चीकडेच बघत राहिलो. म्हणाली, दगड झालायस. रविवारी येते, माझ्याबरोबर परत येणार का, हो की नाही ते सांग.

२० जून
खुर्ची मला द्या, जन्मभर फुकट राबतो म्हटलं. काका म्हणाले, विकली, त्या बाईंना. छातीतली कळ तुलाच तर नको होती ना? त्यांचे तळवे पाहिले. भाजलेले, पटाशीने चिरलेले. तुमची खुर्ची कुठे, विचारलं. माहीत नाही म्हणाले. कुणीतरी रोज बसतं.

२१ जून
राग यायला हवा. येत नाही.

२२ जून, रविवार
खुर्ची परत आलीय. बाईंच्या दारातून जाईना — पाय कापायचेत. काकांनी आतून कडी लावली. दार बडवलं, हातातून रक्त — दुखत नाही —
तू आलीस तर हे वाच. माझं उत्तर हो. खुर्ची पालथी केली त्यांनी, सगळं गरगरतंय —
घोट्याला दात लागले. करवतीचे. तू आधी आत जा, खुर्चीवर हात ठेव, म्हणजे मला निदान तुझा —