छपरावरच्या दोघी कुणाला द्यायच्या

मी, ओरुगंटी चिदंबरम, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा सिनेमाच्या कथा लिहिणे, राहणार कृष्णानगर, हैदराबाद, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या मर्जीने आणि सकाळची कॉफी झाल्यावर लिहून ठेवत आहे. माझी स्मृती शाबूत व बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मागच्या वर्षी एका निर्मात्याकडच्या बैठकीत मी "हे सगळं ठीक आहे, पण या सिनेमात घडतं काय?" असं विचारलं, तेव्हापासून धंद्यातल्या पुष्कळांना माझ्या बुद्धीबद्दल शंका आहे, म्हणून दाखला घ्यावा लागला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केलेले निघाल्यास ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर माझी पत्नी सौ. मंगतायारू हिला तहहयात मिळावे. तिच्या पश्चात मुलगा फणींद्र व मुलगी हैमावती यांनी निम्मे निम्मे घ्यावे. काचबिंदूने मंगतायारूची दृष्टी जाऊन बरीच वर्षे झाली. हे घर तिला हाताने पाठ आहे. सोफा वीतभर सरकला तरी तिचा गुडघा फुटतो. फणींद्रला सामान हलवून घर भव्य करण्याची हौस आहे, ती त्याने संगणकावरच भागवावी.

कलम २. लिहिण्याचे मेज, पुस्तके आणि आवकाय लोणच्याची मोठी बरणी हैमावतीला द्यावी. ती वारंगलला बँकेत आहे. सिनेमा बघताना ती झोपते आणि झोपले होते असं बाहेर येऊन सरळ सांगते. आमच्या घराण्यात एवढा प्रामाणिक समीक्षक दुसरा नाही.

कलम ३. निर्माते बुच्चिबाबूगारू यांना माझ्याकडचे त्रिमिती सिनेमाचे सर्व चष्मे द्यावेत. माझ्या एका कथेच्या शेवटी बहीण भावाची माफी मागते, असा प्रसंग होता. त्या जागी त्यांनी सात तोंडांची मगर घातली.

मी विचारलं, "मगर कशाला?"

"चिदंबरमगारू, माफीला शिट्टी पडत नाही हो. मगरीला पडते. पोरं कागद फाडून पडद्यावर उधळतात."

"आणि बहिणीचं काय?"

"ती मगरीच्या पोटात. आता कसली माफी अन् कसलं काय!"

सदर चष्मे लावले की नसलेली खोली दिसते. त्यांना पुढच्या सिनेमाच्या वेळी उपयोगी पडतील.

कलम ४. मी चमत्कारांच्या विरुद्ध आहे, ही अफवा आहे. लहानपणी तेनालीला तंबूतल्या सिनेमात देवीचा रथ आकाशात जाताना पाहिला, तेव्हा माझ्या आत्याने चपला काढून ठेवल्या होत्या. रथ पत्र्याचा होता, ढग कापसाचे होते आणि दोरी तर शेंगदाणे विकणाऱ्यालाही दिसत होती. पण देवी आपल्या लहान मुलाला मागे टाकून चालली होती आणि आत्या त्या मुलासाठी रडत होती. रथ याहून झकास असता तरी ती रडलीच असती. मूल नसतं, तर जगातला कुठलाही रथ बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे आणि एवढ्यापायी मला हल्ली कोणी कामाला बोलावत नाही.

कलम ५. मुलगा फणींद्र याच्याविषयी. त्याची स्वतःची कंपनी आहे. तिथे पन्नास पोरं थंडगार खोलीत बसून आगी लावतात, सैन्यं उभी करतात आणि नद्या सोडतात. त्याचं पाणी उत्तम असतं. हे मी त्याला तोंडावर कधी सांगितलेलं नाही. मृत्युपत्र असल्यामुळे सांगायला हरकत नाही.

गेल्या संक्रांतीला त्याचा सिनेमा लागला. मंगतायारूला मी घेऊन गेलो. आमचा क्रम ठरलेला आहे. ती बोलणं ऐकते, दिसेल ते मी तिच्या कानात सांगतो.

"आता काय चाललंय?"

"डोंगर फुटतोय."

"का?"

"माहीत नाही."

"आणि आता?"

"दुसरा डोंगर फुटतोय."

"खाली कुणी आहे का?"

"सैन्य आहे."

"त्यातल्या एखाद्याचं नाव?"

"सांगितलेलं नाही."

मग तिने विचारणं सोडून दिलं. बाहेर फणींद्र उभाच होता. "अम्मा, कसा वाटला?" म्हणाला. ती म्हणाली, "आवाज फार मोठा होता रे, बाळा." तेव्हापासून तो आमच्याकडे येतो, पण जेवायला थांबत नाही.

कलम ६. 'छपरावरच्या दोघी' ही माझी पडद्यावर न आलेली एकमेव कथा. गोदावरीला पूर येतो. कित्येक वर्षं अबोला धरलेल्या सासू-सुना एकाच छपरावर अडकतात. पहाटे होडी येते आणि होडीत जागा एकीपुरतीच असते. बाकी कथेत काही नाही. एक कोंबडी आहे.

आषाढात फणींद्र आला. "नान्ना, ही कथा मला द्या. असा पूर करतो की लोक खुर्चीत पाय वर घेतील."

"आणि त्या दोघी बोलणार कधी?"

"बोलतील ना, मधे मधे."

"पाणी ओसरल्यावर वेळ उरला तर?"

"नान्ना, मला त्या कथेत काय दिसतं, हे एकदा तरी विचाराल?"

"दिसतंय मला. चाळीस मिनिटं पाणी."

"मग ठेवा जवळ," असं म्हणून तो गेला. सबब ही कथा मी जवळच ठेवत आहे. तिची हस्तलिखित प्रत माझ्या चितेवर ठेवावी. अग्नी रिवाजाप्रमाणे फणींद्रच देईल. त्या आगीला संगणक लागणार नाही.

नोंद. येथवरचा मजकूर दोन्ही साक्षीदारांच्या समक्ष मंगतायारूला वाचून दाखवला. मगरीपाशी ती हसली. शेवटी म्हणाली, "सहावं पुन्हा वाचा." मी वाचलं.

"अहो, इतकी वर्षं तुम्ही माझ्या कानात जे सांगता, ते सगळं पडद्यावर असतं का?"

"म्हणजे काय! असतंच."

"यंत्रमानवांच्या त्या सिनेमात म्हातारा बाप दारात वाट बघत उभा आहे, असं सांगितलंत. मी पदर भिजवला. घरी हैमा म्हणाली, अम्मा, त्यात कुणी म्हातारा नव्हताच."

"हैमा झोपली असेल."

"असेल. पण परक्यांच्या सिनेमात तुम्ही मला दर वेळी माणसं घालून दिलीत. माझ्या पोराच्या सिनेमात नुसता डोंगर फुटतोय, डोंगर फुटतोय. एक माणूस घालायला काय झालं होतं तुम्हाला?"

वकील सोमयाजुलूगारू खिडकीबाहेर पाहू लागले. तिचं बोलणं मला फार लागलं. मी पेनाचं टोपण काढलं आणि सहावं कलम पुढ्यात ओढलं.

सबब कलम ६ मधील "सबब ही कथा" पासून पुढचा मजकूर रद्द केला आहे. 'छपरावरच्या दोघी' ही कथा सर्व हक्कांसह फणींद्रला द्यावी. कोणतीही अट नाही. पूर हवा तेवढा मोठा करावा. कोंबडीला पंख फुटून ती आग ओकू लागली तरी माझी तक्रार नाही. असली तरी ऐकू येणार नाही.

कलम ७. तो सिनेमा लागेल तेव्हा बहुधा मी नसेन. त्या दिवशी फणींद्रने आईच्या शेजारी बसावं आणि दिसेल ते तिच्या कानात सांगावं. ती "का?" असं विचारील. उत्तर पडद्यावर नसलं, तरी त्याने तिला द्यावं.

वरील खाडाखोड माझ्या हातची असून साक्षीदारांसमक्ष केली आहे.

सही: ओरुगंटी चिदंबरम

साक्षीदार:
१. पी. सोमयाजुलू, वकील, अमीरपेट
२. गड्डम सत्तिरेड्डी, शेजारी, कृष्णानगर

हैदराबाद, दि. ९ सप्टेंबर २०२४