आमच्याकडे शुगर नॉर्मल येते

६ जानेवारी
पाच लॅबनी एकच रक्ताचा नमुना वाटून घेतला आणि आपापल्या मशीनवर शुगर काढली. कसबा बावड्याचा हंबीरराव धरून चौघे २४०च्या आसपास. आम्ही ९६. चार लॅब एकदम चुकतात, कमाल आहे! लॅबवाल्यांच्या असोसिएशनने खुलासा मागितलाय. माझ्याकडून.

७ जानेवारी
खुलासा उद्या. उत्तर आधीच माहीत असलेला कंट्रोलचा नमुना रोज मशीनवर चालवून बघा म्हणे. मशीनवर थोडा तरी विश्वास नको? शाहूपुरीत सगळ्यात जास्त गर्दी आमच्याकडे. रिपोर्ट वाचून माणसं हसत बाहेर पडतात. हंबीररावकडून रडत.

९ जानेवारी
सारखी तहान. थंडीमुळे. नव्या चपलेने अंगठ्याला केलेला फोड अजून भरत नाही. हल्ली चामडंच निकृष्ट. दानेश्वरी म्हणाली, मी बायको हाय म्हणून सांगतो, तुमची शुगर बघा की. आमच्याच मशीनवर बघितली. ११८. रिपोर्ट तिच्यासमोर ठेवला आणि चपातीबरोबर वाटीभर काकवी खाल्ली.

१२ जानेवारी
सोमवार. आजपासून रोज कंट्रोल, असं ठरलं होतं. बाटली काढली तर एक्स्पायर झालेली. नवीन मागवू.
दुसरी जबरदस्त आयडिया! माझंच रक्त 'केरबा' या नावाने हंबीररावकडे पाठवलं. खरा आकडा मला माहीत आहे, ११८. आता त्याचं मशीन काय तारे तोडतं बघू. त्याचा तो रिपोर्टच खुलाशाला जोडायचा.

१३ जानेवारी
हंबीररावचा फोन. २९७. दोनदा तपासलं म्हणाला. ह्यो केरबा कोण तुझा? त्या पावण्याला आजच दवाखान्यात घाल, न्हायतर पडंल कुठंतरी. मी म्हणालो, सांगतो त्याला. फोन ठेवला आणि तांब्याभर पाणी प्यायलो. थंडी.
अंगठा काळपट दिसतोय. ट्यूबलाइट जुनी आहे. भीती वाटतेय.
खुलासा पाठवला : आमचं मशीन उत्तम.

१५ जानेवारी
दवाखान्यात. दानेश्वरीने रिक्षात घालून आणलं. डॉक्टर म्हणाले, अंगठा वाचवायचा तर शुगर उतरली पाहिजे. इन्सुलिन किती, ते लॅबचा रिपोर्ट आल्यावर ठरेल.
नर्सने माझं रक्त घेतलं, शेजारच्या कॉटवरच्या आजोबांचंही घेतलं. कुठल्या लॅबला जाणार, विचारलं. शाहूपुरीतल्या, म्हणाली. आमचं समदं तिकडंच जातंय, रिपोर्ट चांगलं येत्यात की.
मी तिचा हात धरला. म्हणालो, ताई, पाया पडतो, दोन्ही बाटल्या बावड्याला हंबीररावकडे पाठवा.