आठ किलो

३ जून

आज तिसऱ्यांदा धावले. म्हणजे दोन विजेच्या खांबांमधलं अंतर धावले आणि पुढचे चार खांब चालले. सकाळी साडेपाचला हवा अशी, की अंगावर कुणी ओला टॉवेल टाकलाय. दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांना काचा बसवते, आणि माझ्याच काचांवर वाफ धरल्यामुळे समोरचा खांब दिसत नाही!

डॉक्टर म्हणाले, रक्तगट जुळतो, बाकी सगळं ठीक, पण तुमच्या लिव्हरवर चरबी आहे. आठ किलो उतरवा, मग दादासाठी तुकडा काढता येईल. दादाकडे दोन महिने आहेत, फार तर तीन.

'तुकडा' म्हणाले. मला काहीच वाटलं नाही. काट्यावरचा आकडा लिहून घेतला – ७४.

५ जून

खांब तीन. पोटात कळ.

९ जून

वहिनीचा फोन रोज सात वाजता. "किती झालं?" – म्हणजे वजन. आज बोलता बोलता म्हणाली, "ताई, तुम्ही आहात म्हणून धीर आहे. माझा गट जुळत नाही, मुलं लहान. तुमच्यामागे तसं कुणी नाही ना." वाईट हेतूने नाही म्हणाली. आहेच तसं. मी आणि आई, बस.

आई उकडलेल्या भाज्या पुढ्यात ठेवते आणि शेवटचा घास जाईपर्यंत समोर बसून राहते. दादाच्या परीक्षांना अशीच बसायची.

१४ जून

मैदानावर एक निवृत्त पीटीच्या बाई येतात, गळ्यात अजून शिट्टी! मी त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवलंय. "पाय आपटू नकोस गं, जमिनीने काय घोडं मारलंय तुझं?" कशासाठी धावतेस, विचारलं. सांगितलं. त्यांनी माझी पाठ थोपटली. दुकानाचे मालकही तेच – "याला काळीज लागतं." लागत असेल. मला शर्ट पाठीला चिकटलेला तेवढा कळतो.

२२ जून

वजन हलेना म्हणून रेनकोट घालून धावले. घामाच्या धारा! घरी येऊन काट्यावर – दीड किलो कमी! वहिनीला लगेच कळवलं. पलीकडे मुलं ओरडलेली ऐकू आली.

२३ जून

पुन्हा रेनकोट. चौथ्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी, मातीतच बसले. शिट्टीबाईंनी रेनकोट ओढून काढला, डोक्यावर पाणी ओतलं. "अगं शहाणे, घाम आहे तो, चरबी नव्हे! तांब्याभर पाणी प्यायलीस की सगळं परत."

परत आलंच, पूर्ण दीड किलो. वहिनीला सांगितलं. तिने आकडा पुन्हा विचारला. मग, "असू दे." मीच तिची माफी मागितली.

२ जुलै

दादाला भेटले. डोळे पिवळे, मनगटं पोरासारखी. "पाय दुखतात का गं?" "नाही." "खोटारडी." मग म्हणाला, "बरा झालो की मी पण येतो, तुझ्या मागे मागे." हसले.

बाहेर बाकावर बसून राहिले. रडू येईल असं वाटलं होतं. बस आली.

३ जुलै

धावले.

१२ जुलै

६९. न थांबता वीस मिनिटं! खांब मोजायचे राहूनच गेले. शिट्टीबाईंनी शिट्टी वाजवली. आनंद व्हायला हवा होता.

२४ जुलै

६६. आईने काट्यावरचा आकडा दोनदा वाकून पाहिला. "झालं गं एकदाचं!" मग वहिनीला फोन लावला, दोघी फोनवरच रडल्या. पुन्हा स्कॅन झाला. निकाल परवा.

२६ जुलै

हॉस्पिटलच्या समुपदेशक बाईंनी आईला बाहेर बसवलं, दार लावलं. म्हणाल्या, स्कॅन चांगला आहे, तुम्ही देऊ शकता. घरच्यांना अजून सांगितलेलं नाही, कारण आधी देणाऱ्या प्रत्येकाला एकट्याला विचारायची आमची पद्धत आहे – "तुम्हाला द्यायचंय का? नसेल तर आम्ही घरी 'जमत नाही' एवढंच कळवतो. कारण कुणालाच सांगत नाही. कधीच."

एवढ्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला नाही. दोन दिवस मागून घेतले. आईला म्हटलं, अजून बघतायत.

२७ जुलै

धावले नाही. अंथरुणातच पडून राहिले. भीती वाटते. पोट कापणार याची, त्यातून न उठण्याची. माझ्यामागे कुणी नाही, पण मी आहे ना! मला जगायचंय. दादाही म्हणत असेल हेच.

२८ जुलै

सकाळी समुपदेशक बाईंना फोन केला आणि 'नाही' म्हणून सांगितलं. दुपारी डॉक्टर आईला म्हणाले, जमत नाही. आईने मला पोटाशी धरलं. "तू काही कमी केलं नाहीस, बाळा." मग डोळे पुसून म्हणाली, "दादाला तूच सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्याला कमी लागेल."

मी हो म्हटलं.